‘मिशनचा दवाखाना’ आणि वानलेसवाडी

कृष्णाकाठी

सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. लहानपणी मला वाटत असे की वानलेस हे कोणा जुन्या इनामदाराचे आडनाव असावे आणि त्याच्या मळ्यावर ही वाडी वसली असावी. कॉलेजात गेल्यावर कळले की हे इनामदार कॅनडातल्या ओंटारिओचे होते. विल्यम जेम्स वानलेस हे १८६५ साली जन्मलेले शल्यविशारद १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. तीनच वर्षांनी, म्हणजे १८९७ मध्ये, त्यांनी तेथे वैद्यकीय शाळाही सुरू केली. १९२८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, त्याच सुमारास ते निवृत्त होऊन परतले आणि १९३३ मध्ये अमेरिकेत वारले. क्षयरोग्यांसाठी गावाबाहेर मोकळ्या हवेत जे आरोग्यधाम उभे राहिले, त्यावरून त्या वस्तीला त्यांचे नाव पडले.

स्वातंत्र्यानंतर आपण रस्त्यांची, चौकांची आणि बागांची कितीतरी इंग्रजी नावे पुसली, आणि त्यांतली बरीचशी पुसण्यासारखीच होती. या वाडीच्या नावाविरुद्ध मात्र कोणी आवाज उठवल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. आमच्याकडे आजही जुनी माणसे रुग्णालयाचे पूर्ण नाव घेत नाहीत, नुसते ‘मिशन’ म्हणतात. ‘आजीला मिशनमध्ये नेले’ एवढे म्हटले की पुढचे सगळे समजते, आणि त्या शब्दात धर्माचा वासही येत नाही.

माझा प्रश्न असा आहे. चर्चच्या सेवाकार्याविषयी सर्वसामान्य लोकांच्या मनात, विशेषतः ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी काडीचाही संबंध नाही अशांच्या मनात, ही जी न बोललेली सद्भावना आहे, ती नेमकी कशाने तयार झाली? सरसकट स्तुती किंवा सरसकट टीका न करता, आपापल्या भागात पाहिलेले किंवा घरात ऐकलेले लिहावे, अशी विनंती आहे.

मिरजेची_सून

आमच्या घरातले सांगते. माझ्या आजेसासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मिशनमध्ये झाले होते. त्या सोवळ्याच्या होत्या, म्हणजे इतक्या की घरात मोलकरणीने भरलेले पाणीही त्यांना चालत नसे. डोळ्यांवर पट्ट्या बांधून उताणे पडून राहायचे होते आणि मान हलवायची नव्हती, त्यामुळे पाणी पाजण्यापासून सगळे दुसऱ्यानेच करायचे होते. ते करणारी नर्स ख्रिस्ती होती आणि तिचे माहेर कोणत्या वस्तीतले आहे हे सगळ्या खोलीला ठाऊक होते. आजेसासूबाईंनी पहिल्या दिवशी तोंड मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी तहान लागल्यावर त्यांनी पाणी घेतले. घरी आल्यावर त्यांनी पंचगव्य घेतले का, हे मी सासूबाईंना विचारले होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘घेतले असते तर आम्हांला कळू दिले नसते, आणि नसते घेतले तरी कळू दिले नसते.’

त्या काळी मिरज जंक्शनमुळे हुबळी, बेळगाव, सोलापूर अशा सगळ्या बाजूंनी रुग्ण आगगाडीने यायचे. सोबतची माणसे आवारातच तीन दगडांच्या चुली मांडून भाकऱ्या थापायची. एका चुलीवरचा विस्तव दुसऱ्या चुलीला द्यावाच लागे, आणि काड्यापेटी वाचवण्याच्या नादात कोणाचा विस्तव कोणाला चालतो हा विचार मागे पडे, असे सासरे सांगत.

गंमत अशी की याच मिरजेत बरे होण्याची दुसरीही एक जागा आहे. अब्दुल करीम खाँसाहेब मीरासाहेबांच्या दर्ग्यात बरे झाले, अशी कथा गावात सांगतात, आणि उरुसातली गाण्याची परंपरा तिच्याशी जोडतात. आमच्या सासऱ्यांना दोन्हींत विरोध दिसत नसे. ते मिशनमध्ये केसपेपर काढून दर्ग्यात चादर चढवून येत.

जुना_कारकून

धागा चांगला आहे, पण एक बाजू स्पष्टपणे मांडली पाहिजे, म्हणून थोडे कडू लिहितो.

मिशनरी मंडळींनी आपला हेतू कधी लपवला नव्हता. त्यांना पाठवणाऱ्या मंडळ्यांनी वर्गण्या गोळा केल्या त्या धर्मप्रसारासाठी, आणि रुग्णालय हे त्या प्रसाराचे साधन मानले गेले. बाह्यरुग्ण विभागात ताटकळत बसलेल्या लोकांपुढे आधी प्रार्थना आणि प्रवचन होई, आणि मग नाडी पाहिली जाई, ही मिशनच्या दवाखान्यांतली सर्वसाधारण रीत होती. ज्याच्या पोटात कळ उठली आहे तो प्रवचन ऐकणारच, कारण उठून जाण्याची सोय त्याला नसते. दुष्काळातही तेच झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ मुले मिशनच्या आश्रमांत गेली आणि ती ख्रिस्ती म्हणून वाढली. त्या मुलांना कोणी विचारले होते काय?

मी स्वतः एका मिशनच्या शाळेत शिकलो. शाळेचे नाव घेत नाही. तेथे रोज सकाळी डोळे मिटून जी प्रार्थना म्हणावी लागे, तिचा अर्थ आम्हांला सांगितला जात नसे आणि डोळे उघडे दिसले तर पट्टी बसे. गणिताचे मास्तर उत्तम होते, हे खरे. त्या गणिताबद्दल मी आजही कृतज्ञ आहे, आणि त्या पट्टीबद्दल नाही. सद्भावना असेल तर ती अशी मिश्र आहे, एवढेच म्हणणे आहे.

सीनेकाठचा_नगरी

कारकूनसाहेब, आपल्या म्हणण्यातले पहिले अर्धे मला मान्य आहे. नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ते अमान्य करताच येणार नाही, कारण आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे, ‘ज्ञानोदय’ १८४२ साली निघाले तेही नगरलाच, आणि वाद तेव्हापासून चालू आहे.

दुष्काळाबद्दल मात्र थोडी भर घालतो. १९०० साली अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाच्या पुढाकाराने क्विटो नावाचे जहाज सुमारे २ लाख बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईला आले. त्या मदतीच्या वाटपात नगरचे रॉबर्ट ह्यूम पुढे होते. ते जन्माने मुंबईचेच होते आणि त्यांचे उभे आयुष्य नगरमध्ये गेले. त्याच काळात पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला शेकडो मुली आणि विधवा आणल्या. या मुलींना विचारले होते काय, हा आपला प्रश्न योग्य आहे. पण त्या रस्त्यावर पडल्या होत्या तेव्हा त्यांना उचलायला दुसरे कोण आले होते, हाही प्रश्न त्याच वाक्यात विचारावा लागतो. शिवाय आमच्याकडे जे लोक ख्रिस्ती झाले ते बहुतांशी महार-मांग समाजातले होते. त्यांनी एक भाकरी घेऊन धर्म विकला असे म्हणताना, ज्या धर्मात त्यांना विहिरीवर चढता येत नव्हते त्यात राहून त्यांचे काय जाणार होते, याचाही हिशेब मांडावा. तो हिशेब बहुधा मांडला जात नाही.

आता अलीकडच्या काळातले सांगतो, कारण माझ्या मते या धाग्याचा खरा विषय तेथे सापडतो. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडमधले जेझुइट नगर जिल्ह्यात आले आणि दशकानुदशके येथेच राहिले. त्यांनी आधी विहिरी, मग शेतीसुधारणा, असे करत करत एक गोष्ट ओळखली की विहीर खोल करून पाणी येत नाही, डोंगरावर पडलेला पाऊस तेथेच थांबवला तर येते. त्यांतून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था निघाली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारखी गावे त्या कामामुळे पुढे नावारूपाला आली. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर, बांध, झाडे, आणि गावाने पाळायच्या अटी: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. यांत प्रार्थनेची अट कोठेही नव्हती. शेळ्या राखणाऱ्यांना चराईबंदी जड गेली आणि त्यावरून गावांत भांडणेही झाली, म्हणजे सगळे गोडीगुलाबीने झाले असे नाही. परंतु ‘हा पाद्री आपल्याला बाटवायला आला आहे’ हे वाक्य त्या भांडणांतही मी ऐकलेले नाही, आणि आमच्या भागातली भांडणे ऐकलेल्या माणसाला कळेल की तेथे एकही ठेवणीतले वाक्य शिल्लक ठेवले जात नाही.

दर्यावर्दी

वेंगुर्ल्याचा उल्लेख राहू नये. आमच्याकडे याच प्रेस्बिटेरियन मिशनचे सेंट ल्यूक्स रुग्णालय होते आणि तेथे डॉ. गोहीन होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट गोहीन १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा राजदूत होऊन भारतात परत आला. आमचे आजोबा ‘आपल्या वेंगुर्ल्याचा झील दिल्लीत अमेरिकेचा वकील झालो’ असे बाजारात सांगत फिरत होते. त्यांनी मुलाला कधी पाहिले नव्हते. बापाकडून मलेरियाचे औषध मात्र घेतले होते.

किल्लारीजवळचा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी १४ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते आणि सगळे दमून झोपलेले होते. पहिल्या आठवड्यात इतकी मदत आली की रस्त्यावर गाड्या मावेनात. जुन्या कपड्यांचे ढीग पावसात कुजले. कासा आणि कॅरितास या चर्चच्या संस्था त्या गर्दीत होत्या, आणि गर्दी ओसरल्यावरही होत्या. आमच्या शेडमध्ये एक मल्याळी सिस्टर येत असे. तिला मराठी येत नव्हती. वहीत मुलांची नावे लिहून घ्यायची आणि रोज तीच नावे पुन्हा वाचायची. हे कशासाठी, ते आम्हांला कळत नसे. ज्याचे नाव वाचल्यावर ‘हजर’ येत नसे त्याच्याकडे ती उठून जायची, एवढेच. ती आम्हांला धर्माचे काही बोलली असेल तरी भाषेमुळे आम्हांला ते कळले नसते.

निवृत्त_सिस्टर

मी या संकेतस्थळावर फक्त वाचत असते. आज लिहिते आहे. मी ख्रिस्ती आहे, नगर जिल्ह्यातली आहे, आणि ३४ वर्षे परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले. तीन वेगवेगळ्या मिशन रुग्णालयांत काम केले. त्यांची नावे येथे लिहिण्याचे कारण नाही.

वरच्या प्रतिसादांत वानलेससाहेब आले, गोहीनसाहेब आले, बाखर फादर आले, आणि ते मोठे होते यात शंका नाही. पण मिरजेच्या सूनबाईंनी लिहिलेली ती पाणी पाजणारी नर्स आली आणि लगेच निघून गेली, हे मला खटकले. डॉक्टर रुग्णाजवळ पाच मिनिटे असतो. उरलेला दिवस आणि सगळी रात्र जी असते तिने भांडे दिलेले असते, कूस बदललेली असते, जखमेतल्या अळ्या काढलेल्या असतात. ही माणसे परदेशातून आलेली नव्हती. ती आमच्या आया आणि मावश्या होत्या, कंपाउंडर आणि ड्रेसर असलेले आमचे काका होते. ज्या काळात चांगल्या घरातल्या मुलीने परक्या पुरुषाचे अंग पुसणे म्हणजे घराला काळिमा समजला जाई, त्या काळात महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत परिचारिकेचे काम मोठ्या प्रमाणात ख्रिस्ती मुलींनी केले. आमच्यासाठी ते काम हलके नव्हते, कारण आमच्या आजोळी त्याहून हलकी ठरवलेली कामे पिढ्यान्‌पिढ्या केलेली होती, आणि येथे निदान पांढरा गणवेश होता, पगार होता, आणि ‘सिस्टर’ अशी हाक होती.

कारकूनसाहेबांनी प्रवचनाबद्दल लिहिले ते खरे आहे. मी नोकरीला लागले तेव्हा रुग्णालयाच्या दिवसाची सुरुवात उपासनेने होई, पण कोणाला धरून बसवत नसत. रुग्णांचे काय मत असे ते मला ठाऊक नाही. एक आजोबा रोज पूर्ण उपासना ऐकत आणि शेवटी मोठ्याने ‘पांडुरंग हरी’ म्हणत, आणि पाळकबाबा त्यांना आमेनच्या ठिकाणी धरून घेत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एका शहरात भाड्याने घर शोधले. ज्या भागात शोधले तेथे मी २२ वर्षे काम केले होते. चार ठिकाणी नाव विचारले, आडनाव विचारले, मग ‘तुमच्यात मांसमच्छर होत असेल ना’ असे विचारले. चौथ्या घरच्या वहिनींचे बाळंतपण माझ्या हातून झालेले होते. त्यांनी मला ओळखले, डोळ्यांत पाणी आणून चहा पाजला, आणि मग म्हणाल्या की घर आमच्या दिरांच्या नावावर आहे. सद्भावना आहे, हे मी कोठेही शपथेवर सांगेन. ती रुग्णालयाला मिळते. घर शोधताना ती आमच्या सोबत येत नाही.

मिरजेची_सून

सिस्टर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमचे म्हणणे बरोबर आहे. मी सासूबाईंना आत्ता फोन करून त्या नर्सचे नाव विचारले. त्यांना आठवत नाही. डॉक्टरांचे आठवते.

आष्टीकर

या चर्चेत जामखेडचा उल्लेख हवाच, आणि तो सिस्टरांच्या मुद्द्याशी थेट जोडलेला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य आधी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होते, आणि तेथे त्यांच्या लक्षात आले की आज बरे करून पाठवलेले मूल त्याच जुलाबाने पुन्हा येते. म्हणून १९७० साली त्यांनी जामखेडला वेगळ्या पद्धतीचे काम सुरू केले. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, आणि त्यांनीच पुढे बाळंतपणे केली, मुलांची वजने घेतली, क्षय आणि कुष्ठरोगाचे रुग्ण शोधले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण आमच्या भागात त्यापेक्षा कूपनलिकांची गोष्ट जास्त सांगितली जाते. दुष्काळात कूपनलिका घेताना त्यांनी शक्य तेथे दलित वस्तीतली जागा धरली. पाणी हवे तर उरलेल्या गावाने त्या वस्तीत यायचे. भाषण नाही, मोर्चा नाही. फक्त हातपंप कोठे बसवायचा एवढाच निर्णय. पहिले काही दिवस लोक रिकाम्या घागरी घेऊन घुटमळले आणि मग रांगेत उभे राहिले, असे माझी आई सांगते. तीही त्या रांगेत होती.

कारकूनसाहेबांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की आरोळे ख्रिस्ती होते, श्रद्धेनेच हे काम करत होते आणि ते लपवत नव्हते. पण ज्या बाईला त्यांनी शिकवले तिने आपली तुळस किंवा आपली म्हसोबाची शेंदरी धोंड सोडावी, अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

जुना_कारकून

जामखेडबद्दल मला माहिती होती. हातपंपाची बाजू ठाऊक नव्हती. प्रवचनाबद्दलचे माझे मत तसेच आहे. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यापुढे कोणत्याही धर्माचे प्रवचन करू नये, आणि हे मी आपल्या मठांच्या रुग्णालयांनाही लावतो.

सिस्टर, तुम्हांला एक विचारतो. तुम्ही ज्या रुग्णालयांत काम केले त्यांची आज काय अवस्था आहे? आमच्याकडच्या एका जुन्या मिशन रुग्णालयाच्या इमारतीवर पिंपळ उगवला आहे.

निवृत्त_सिस्टर

एक बरे चालले आहे, एक कसेबसे, आणि एक बंद पडल्यात जमा आहे. परदेशातून येणारा पैसा आटला, तरुण डॉक्टर अशा पगारावर राहत नाहीत, आणि आवाराच्या जमिनीचे भाव वाढल्यावर आमच्याच लोकांत तंटे सुरू झाले. हे शेवटचे लिहिताना लाज वाटते, पण सगळा दोष बाहेरच्यांवर टाकून चालणार नाही. मी त्या बंद पडलेल्या ठिकाणी गेल्या नाताळात गेले होते. शेजारच्या वाड्यातल्या काकू अजून दिवाळीचा फराळ तेथल्या वॉचमनकडे पोचवतात, कारण पूर्वी तो आमच्या नर्सेस हॉस्टेलला यायचा आणि नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या. हॉस्टेलला आता कुलूप आहे. वॉचमन एकटाच आहे. तो म्हणाला की चकल्या संपता संपत नाहीत.

कृष्णाकाठी

सगळ्यांचे आभार. धागा सुरू करताना माझ्या मनात वानलेस हे एकच नाव होते, आणि सिस्टरांचा प्रतिसाद वाचल्यावर आपला प्रश्नच मी अर्धवट विचारला होता असे वाटले. रुग्णालयाच्या जुन्या परिचारिकांची नावे कोठे नोंदलेली मिळतात का, ते पाहण्याचा प्रयत्न करणार आहे. कोणाच्या घरी जुने केसपेपर किंवा निरोप समारंभाचे फोटो असतील तर कृपया कळवावे. फोटोंच्या मागे बऱ्याचदा नावे लिहिलेली असतात.

काल मुद्दाम वानलेसवाडीत उतरलो. चहाच्या टपरीवर एक साठीचे गृहस्थ होते. त्यांना विचारले की हे वानलेस म्हणजे कोण. ते म्हणाले, ‘डाक्टर हुतं. माझ्या बापाला टीबी झालता, हितंच बरा झाला.’ मी विचारले, ‘कुठले होते?’ त्यांनी गाळणी झटकली आणि म्हणाले, ‘ते काय म्हाईत न्हाई बगा. मिरजंचंच असतील की.’